बसवून देतो

डॉक्टर मोराणकरांचा हाडांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. हे सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "खरंच?" खरंच. नाशकात, द्वारकेच्या चौकापासून दोन मिनिटांवर, खाली टायरची दुकानं आणि ट्रान्सपोर्टवाल्यांची ऑफिसं, वर आम्ही. पाय मोडलेला माणूस रिक्षातून उतरला की आमचे मामा, म्हणजे वॉर्डातले सगळ्यात जुने नोकर, एक लाकडी खुर्ची घेऊन खाली जायचे आणि नातेवाइकांतला एखादा धडधाकट गडी पकडून पेशंटला खुर्चीसकट वर आणायचे. पायऱ्या बावीस. "ज्याला हा जिना चढता येतो त्याला माझी गरज नाही, आणि ज्याला माझी गरज आहे त्याला हा चढता येत नाही," असं डॉक्टर स्वतःच म्हणायचे. मग जागा बदला की, असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं. "बघू. आज दमलोय."

"आज दमलोय" हा त्यांचा नमस्कार होता. सकाळचे नऊ, अंगावर इस्त्रीचा शर्ट, केसांना नुकतंच तेल लावलेलं, पहिला पेशंट अजून जिन्यावरच, आणि हे म्हणणार, "पगारेबाई, आज फार दमलोय." सुरुवातीला मला ते नाटक वाटायचं. सहा महिन्यांत कळलं की नाही, हा माणूस खरोखरच दमलेला आहे. हाडाच्या डॉक्टरचं काम निम्मं सुताराचं असतं आणि निम्मं हमालाचं. मांडीचं हाड मोडलं की स्नायू आखडतात, मोडलेली टोकं एकमेकांवर चढतात, ती ओढून जागेवर आणायची असतात. ते ओढणं हाताचं, कमरेचं आणि दातओठ खाण्याचं. त्या ओढण्यापायी त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला होता. शिंपी माप घेताना दर वेळी टेप दोनदा लावायचा आणि दर वेळी गप्प बसायचा.

मी तिथं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं तिथंच राहिले. तेव्हा नाशकात आमचं काम म्हणजे मालिश, अशीच बहुतेकांची समजूत. डॉक्टर मात्र पेशंटला माझी ओळख करून द्यायचे ती अशी: "हाड मी जोडतो. माणूस ह्या बाई जोडतात." ऐकून मला दोन दिवस बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी आमचं भांडण ठरलेलंच असे. आता डॉक्टर जाऊनही बरीच वर्षं झाली. माझ्याशी तितक्या मन लावून भांडणारं नंतर कोणी भेटलं नाही, हेही सांगून टाकते.

त्यांना माणसांची नावं आठवत नसत. चेहरेही नसत. लग्नाला गेले तरी नजर खाली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांवर. एकदा मामांच्या मुलीच्या लग्नात एक गृहस्थ हात जोडून पुढं आले. "डॉक्टरसाहेब, वळाखलं का मला?" डॉक्टरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, फेट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जरा चालून दाखवा." तो माणूस भर मांडवात पाच पावलं चालला. वळला. परत आला. "सिन्नर. उजवा पाय. ट्रॅक्टर," डॉक्टर म्हणाले. गृहस्थांना असा आनंद झाला की नवरदेव सोडून सगळा मांडव त्यांच्याकडे बघायला लागला.

डॉक्टर मूळचे सटाण्याकडचे. शिकायला मुंबईला राहिल्यानं भाषा पुस्तकी झाली होती, पण तिकडची, बागलाणातली एखादी म्हातारी वॉर्डात आली की त्यांची जीभ घरी जायची. "काय शे, माय?" एवढं त्यांनी विचारलं की म्हातारी निम्मी बरी. भाषेचं हे बळ त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच पुढं जे झालं ते त्यांना जास्त लागलं असावं.

पारूबाई पेठच्या पुढून, घाटाखालच्या एका पाड्यावरून आली. वय असेल चाळीस. उजव्या गुडघ्याला कधीकाळी क्षय झाला होता. औषधानं रोग गेला, पण जाताना सांधा खाऊन गेला. गुडघा अर्धवट वाकलेला, पाऊल टाकलं की कळ, हातात काठी. सोबत नवरा. बोलायचं काम त्याच्याकडे होतं. मामांनी केसपेपर भरताना विचारलं, "व्यवसाय?" नवरा म्हणाला, "मजुरी." मामांनी लिहिलं, मजुरी. पेठकडून येणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर तेच असायचं. भात, नागली, आणि मग द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे. कोणाला दुसरं काही विचारायची गरज वाटली नाही.

असा सांधा तेव्हा बंद करून टाकायचे. वरचं आणि खालचं हाड कापून, सरळ रेषेत आणून एकत्र जोडायचं, म्हणजे गुडघा राहतच नाही, सबंध पाय एक खांब होतो. वाकत नाही, पण दुखतही नाही. कष्टकरी माणसाला हेच बरं, असं पुस्तकात होतं आणि ते चूकही नव्हतं. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीला लावला आणि तिला म्हणाले, "बाई, हा सांधा कामातून गेलाय. ऑपरेशन करून हाडं पक्की बसवून देतो."

"बसवून देता?" ती पहिल्यांदाच बोलली.

"कायमचं."

"मंग करा," ती म्हणाली.

मी तिथंच उभी होते. मला काहीही खटकलं नाही. मराठीत हाड बसवतात, दात बसवतात, नळ बसवतात, गणपतीसुद्धा बसवतात. हाडाच्या दवाखान्यात तर हा शब्द दिवसातून पन्नास वेळा हवेत असायचा.

ऑपरेशन देखणं झालं. चार महिने प्लास्टर. ते कापलं त्या दिवशी आत हडकलेला, साल सुटलेला, पण सरळसोट पाय होता. नवा एक्स-रे पाहून डॉक्टर खूश होते. इतके की "दमलोय" म्हणायचं विसरले. पारूबाई काठीशिवाय खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. दुखतं का? नाही. परत चालली. मग खोलीच्या मधोमध थांबली, लुगडं आवरलं आणि खाली बसायला गेली.

डावा पाय दुमडला, उजवा समोर ताठ निघाला आणि ती मागं कलंडली. मी धरली म्हणून डोकं आपटलं नाही. ती हसली. तिला वाटलं, पाय प्लास्टरमध्ये राहून आखडलाय.

"कवा वाकल?" तिनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "वाकणार नाही, बाई. हाडं बसवलीत ना आपण."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "बसवलंय, तर मंग बसत का नाय?"

मग नवरा खाकरून म्हणाला, "दाई हाय ती. पाच पाड्यांची. बाळंतिणीम्होरं बसाया लागतं."

ती सुईण होती. तिचं सगळं काम उकिडवं बसून करायचं. बाळंतिणीच्या समोर जमिनीवर बसायचं, तिच्या टाचा आपल्या गुडघ्यांना टेकवून घ्यायच्या, आणि मूल येईपर्यंत हलायचं नाही. तिनं दुखण्याची तक्रार केलीच नव्हती, ते आम्हीच गृहीत धरलं होतं. ती आली होती ती बसता यावं म्हणून. आणि डॉक्टर तिला म्हणाले होते, बसवून देतो. कायमचं.

"हे परत उकलता येतं का?" तिनं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

ती रडली नाही की भांडली नाही. काठी कोपऱ्यातच राहू दिली आणि नवऱ्यामागून बावीस पायऱ्या एकेक करत उतरून गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं डॉक्टर मला नंतर म्हणाले. मी म्हटलं, तुमच्यासाठी बरं झालं असतं. तेव्हा मी तरुण होते आणि तोंडाळ होते.

दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या केसपेपरवर एक ओळ वाढली. छापील नव्हे, डॉक्टर स्वतःच्या हातानं पेननं लिहायचे. "बसणे:" आणि पुढं मोकळी जागा. पेशंट आला, दुखणं सांगून झालं की त्यांचा प्रश्न यायचा, "बसून काय काय करता?" माणसं गोंधळायची. कोणी म्हणायचं, काय करणार, बसतो. "कसं बसता? दाखवा." मग जमिनीवर चटई. ज्याला दाखवता यायचं नाही त्याच्याऐवजी नातेवाईक बसून दाखवायचे. एका सासूचं बसणं सुनेनं असं काही हुबेहूब करून दाखवलं की वॉर्डात तीन दिवस अबोला होता.

त्या ओळीतून मी जिल्हा शिकले. मालेगावचे एक चाचा, "बसणे: नमाज, पाच वेळा." लासलगावच्या कांद्याच्या खळ्यावरची बाई, "बसणे: निवडणे, दिवसभर, सरकत सरकत." तिथलाच हमाल, "बसणे: पाठीवर गोणी घेऊन उठणे." हमाल बसतो तो उठण्यासाठी, हे मला तोवर माहीत नव्हतं. येवल्याचा एक पैठणी विणणारा घोटा मोडून आला. तो म्हणाला, आम्ही खड्ड्यात बसतो. डॉक्टरांना ते कळेना. रविवारी मला घेऊन ते येवल्याला गेले. मागाखाली खरोखरच खड्डा होता, त्यात पाय सोडून, पायाखालच्या फळ्या दाबत विणायचं. डॉक्टर बूट काढून खड्ड्यात उतरले आणि फळी दाबली. काहीतरी खटकन चुकलं. विणकराच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. तिथं गुडघ्याचं काही काम नव्हतं, सगळी मदार घोट्याच्या वर-खाली होण्यावर. परतीच्या एस.टी.त त्यांनी मांडीवर कागद ठेवून ऑपरेशनचा बेत बदलला. आणि हो, चुकलेला धागा काढायला त्या माणसाच्या भावाला पुढं दोन दिवस लागले, हे आम्हाला टाके काढायच्या वेळी कळलं.

सिन्नरच्या विडीवाल्या आजीपायी मात्र मी राजीनामा द्यायच्या बेतात होते. आजीच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. मी माझ्या पद्धतीनं व्यायाम द्यायची, आजी डोळे मिटून पडून राहायची. "आज्जी, पाय उचला." "उचलते की. उंद्या." एके दिवशी येऊन बघते तर वॉर्डात तंबाखूचा भपकारा. आजी चटईवर, पाठीला उशी, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि बोटं चालू. डॉक्टर शेजारी उभे राहून विड्या मोजताहेत. मी कडाडले. हा दवाखाना आहे की कारखाना? डॉक्टर म्हणाले, "पगारेबाई, सकाळपासून ती चार वेळा स्वतःहून सरकून बसलीये. तुमच्यासाठी एकदा तरी सरकली होती का?" आजी म्हणाली, "भांडू नका गं बाई. व्हय डाक्टर, इड्यांचा आजून एक कट्टा झाला की पाय आपसूक मोकळा व्हतो बघा." सहा आठवड्यांत म्हातारी मांडी घालून बसली. माझ्या साड्यांचा तंबाखूचा वास जायला त्याहून जास्त दिवस लागले.

आणि तो शब्द. "बसवणे" आमच्या दवाखान्यात बंद झाला. डॉक्टरांनी तसा काही हुकूम काढला नव्हता, पण कोणी तो उच्चारला की त्यांचा चेहरा असा होई की पुढचं वाक्य घशात अडके. हाड जुळवायचं, जोडायचं, जागेवर आणायचं. मामांची सगळ्यात पंचाईत झाली. एकदा दारात उभे राहून म्हणाले, "सर, पंखा बस... पंखा ब... सर, ते पंख्याचं माणूस आलंय." डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते. म्हणाले, "लावू दे."

हे सगळं खरं. पण मला त्यांचा राग होता तोही खरा, आणि तो लपवत नाही. जिल्ह्याच्या टोकाटोकाला माणसं कशी बसतात हे बघायला हे जात, पेठकडे मात्र जात नसत. तिकडं शिबिर ठरलं की ह्यांना ऐनवेळी काहीतरी निघे. त्या बाजूचा पेशंट आला की तपासता तपासता विचारत, "तुमच्याकडे एक पारूबाई आहे, कशी आहे?" उत्तर येई, "बरी हाय. चालती." चालती. तेवढं ऐकून पुढं काही विचारत नसत. "तुम्ही जाऊन का येत नाही?" असं मी एकदा सरळच विचारलं. "जाऊन काय देऊ तिला?" ते म्हणाले. रिकाम्या हातानं जायची त्यांची छाती नव्हती. मी तेव्हा त्याला भित्रेपणा म्हटलं, तोंडावर. आज कदाचित म्हणणार नाही.

वर्षं गेली. शहरात मोठमोठी हॉस्पिटलं झाली, लिफ्टवाली, काचेच्या दारांची. सांधे बदलायची ऑपरेशनं नाशकातच व्हायला लागली. आमच्या जिन्यावरून खुर्ची वर येण्याचं प्रमाण कमी झालं. एक पेशंट अशाच एका ठिकाणाहून छापील पत्रक घेऊन आली. "खाली बसू नये. मांडी घालू नये. उकिडवे बसू नये." डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. "हिचा संडास कसला, चूल कसली, हे कोणी विचारलं का?" त्यांनी पत्रक परत दिलं आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसत बसले. "चुकीचं नाहीये त्यात काही," थोड्या वेळानं म्हणाले. "मीही चुकीचं काही केलं नव्हतं."

साठीला आल्यावर ते पुन्हा शिकायला गेले. महिन्यातून दोनदा पहाटेच्या गाडीनं मुंबईला, त्यांच्या एका जुन्या मित्राकडे, सांधा बदलताना बघायला, मग मदतीला उभं राहायला. वयानं लेकरासारख्या डॉक्टरांच्या मागं हात बांधून उभे राहायचे. कशासाठी चाललंय हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दीड वर्षानं एका दुपारी ते म्हणाले, "जोडलेला गुडघा परत उकलता येतो. उकलून नवा सांधा घालतात. धोका आहे. उकिडवं नाही बसता येणार, पण बुटक्या पाटावर येईल. कदाचित. मित्र करायला तयार आहे, मी सोबत असेन." आणि मग, "येता का पेठला?"

पारूबाई आमचा जिना उतरून गेली त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

भाताची कापणी उरकली होती. जीपनं फाट्यापर्यंत गेलो, तिथून पायी. डॉक्टरांचे स्वतःचे गुडघे तोवर पार झिजले होते आणि ते त्यांनी आमच्यापासून मोठ्या हिकमतीनं लपवले होते. चढावर मला ते कळलं. दर थोड्या वेळानं थांबून ते समोरचा डोंगर बघायचे, जणू डोंगर बघायलाच आले आहेत. "दमलात का?" मी विचारलं. "नाही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं.

पारूबाई अंगणात उभी राहून भात वारवत होती. केस पांढरे झाले होते. नवरा मागच्याच वर्षी गेला होता. तिनं आम्हाला लगेच ओळखलं. सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. डॉक्टरांनी पाणीही नीट पिऊ न देता सगळं सांगून टाकलं. जोडलेलं हाड कसं उकलायचं, धोका काय, किती महिने लागतील, किती वाकेल, किती वाकणार नाही. एकही अवघड शब्द त्यांनी वापरला नाही. जन्मात कोणाला इतकं नीट समजावून सांगताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आता कोनाला बसू?"

डॉक्टरांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"बाया आता जीपनं पेठला जात्यात, दवाखान्यात. बरं हाय त्ये. पयली दोन-तीन वरसं माला बोलवायच्या. मी उभी ऱ्हायची, ही सून खाली बसायची, मी वरून सांगायची, आसं कर, तसं कर. पर वरून काय कळतं डाक्टर? हात लावल्याबिगर कळत नाय. एकीचं पोर पायाळू व्हतं. मी बसले आसते तर हाताला आदीच लागलं आसतं. वरून नाय कळलं. पोर गेलं. आई वाचली. तवापासून मीच जायाचं सोडलं."

हे तिनं भाताकडे बघत सांगितलं, हळूहळू, आवाज न चढवता.

"माला येक सांगा," ती म्हणाली. "तवा तुमी बोलला, बसवून देतो. तुमी खोटं बोलला का?"

मला वाटलं, आता ते शब्दाचा घोटाळा समजावतील. हाड बसवणं वेगळं, माणूस बसवणं वेगळं. त्यांना ते सांगता आलं असतं आणि ते खरंही होतं.

"खोटं नाही बोललो," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही काय काम करता ते मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. चूक माझी आहे, बाई. सगळी माझी."

पारूबाईनं हातातलं सूप बाजूला ठेवलं. अंगणात कोंबड्या सांडलेलं भात टिपत होत्या. मग तिनं घराच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "ये गं, भाईर ये." आणि डॉक्टरांना म्हणाली, "आलाच हाय, तर हिचा गुडघा बघा. बांधावरून पडली, महिना झाला. सुजतोय."

सून उंबऱ्यावर येऊन बसली. डॉक्टर तिच्यासमोर सारवलेल्या जमिनीवर खाली बसले. मी "सर, नको" म्हणेपर्यंत बसलेसुद्धा. गुडघा दोन्ही हातांत घेऊन हळूहळू वाकवून पाहिला, दाबून पाहिला. मग त्यांनी तिला विचारलं, "दिवसभर काय काय करता, बाई? सगळं सांगा." ती लाजत लाजत सांगायला लागली. पाणी आणते. नागली निवडते. लाकडं. पोरगं पाठीला बांधून चढते. डॉक्टर मध्ये एकदाही बोलले नाहीत. ती सांगायची थांबली तरी आणखी काही राहिलंय का म्हणून वाट बघत राहिले. हाड मोडलेलं नव्हतं. काय करायचं, काय नाही, किती दिवसांनी परत दाखवायचं, हे त्यांनी सुनेला सांगितलं आणि मग पुन्हा एकदा सासूला सांगितलं.

आणि मग त्यांना उठता येईना. एक हात जमिनीला टेकला, एक उंबऱ्याला. गुडघे ऐकेनात. मी पुढं झाले, पण पारूबाईनं मला हातानं बाजूला केलं. तिनं लुगडं खोचलं, तो उजवा पाय त्यांच्या पुढ्यात मेढीसारखा रोवला, वाकून त्यांचा हात मनगटाजवळ धरला आणि सगळा भार त्याच पायावर घेऊन त्यांना ओढून उभं केलं. पाय तसूभरही हलला नाही.

"येवढं दमता," ती म्हणाली, "तर मंग इतक्या लांब येता कशाला?"

डॉक्टर तिचा हात धरून तसेच उभे राहिले. सोडायचा विसरले होते की सोडवत नव्हता, ते मी मागं उभी होते म्हणून मला दिसलं नाही.